प्रभामंडळातले तारे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आकाशगंगेच्या तबकडीभोवती ताऱ्यांचे विरळ प्रभामंडळ आहे, असे वाचले. हे तारे तबकडीतूनच उडून तिकडे गेले का?

उत्तर : काही गेले, पण बहुतेक बाहेरून आले. 1962 मध्ये एगन, लिंडन-बेल आणि सँडेज यांनी 221 ताऱ्यांच्या गतींवरून असे मांडले की वायूचा एकच प्रचंड ढग झपाट्याने आकसला आणि प्रभामंडळ त्या घाईतच तयार झाले. 1978 मध्ये सर्ल आणि झिन यांनी गोलाकार तारकागुच्छांतले धातू तपासले. (हायड्रोजन आणि हेलियम सोडून सगळ्यालाच खगोलशास्त्रात धातू म्हणतात.) ढग एकच असता तर केंद्रापासून दूर जाताना हे प्रमाण घटत जायला हवे होते. बाहेरच्या गुच्छांत तशी घट दिसेना. मग प्रभामंडळ छोट्या छोट्या तुकड्यांतून जमत गेले असावे, हा विचार पुढे आला.

ताऱ्यांची स्थाने आणि गती मोजणाऱ्या गाया या युरोपीय यानाची 2018 मधली मोजमापे आली आणि त्यातला मोठा तुकडा ओळखता आला. सुमारे 10 अब्ज वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेने एक छोटी दीर्घिका गिळली. तिला गाया-एन्सेलाडस म्हणतात. तिचे तारे आजही अतिशय लांबट कक्षांत केंद्राजवळ येतात आणि पुन्हा दूर जातात. त्या धक्क्याने आपल्या जुन्या तबकडीतले काही तारेही वर उधळले गेले. तुमच्या प्रश्नातला ‘उडून गेले’ हा भाग तेवढ्यापुरता बरोबर आहे.

मग उपरे कोणते आणि घरचे कोणते? इथे मॅग्नेशियम आणि लोह यांचे गुणोत्तर कामाला येते. मॅग्नेशियम जड ताऱ्यांच्या स्फोटांतून लवकर मिळते. लोहाचा मोठा वाटा श्वेत बटूंच्या (विझलेल्या ताऱ्यांच्या घट्ट गाभ्यांच्या) स्फोटांतून येतो आणि त्याला बराच काळ लागतो. छोट्या दीर्घिकेत तारे सावकाश जन्मतात, त्यामुळे धातू थोडेच साचलेले असताना हे उशिराचे लोह त्यांत मिसळू लागते. म्हणून लोह सारखेच असले तरी उपऱ्या ताऱ्यात मॅग्नेशियम कमी भरते. कक्षा काळाच्या ओघात बदलू शकते. ताऱ्याच्या वातावरणातले हे प्रमाण मात्र जवळपास जन्मावेळचेच राहते, म्हणून आम्ही या पुराव्याला जास्त वजन देतो.

प्रश्न : गायाची माहिती मोफत मिळते. तिच्यातून प्रभामंडळाचे तारे कसे निवडायचे? (भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी)

उत्तर : एक तारा हाताने सोडवून बघा. काप्टाइनचा तारा घ्या. त्याचे लंबन (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचे दिसणारे किंचित हलणे; तारा जितका दूर तितके ते कमी) 0.254 विकला आहे (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) आणि आकाशातले सरकणे वर्षाला 8.64 विकला. सरकण्याला लंबनाने भागून 4.74 ने गुणले की आडवा वेग मिळतो : सुमारे 161 किमी प्रति सेकंद. दृष्टिरेषेतला वेग 245. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढा, सुमारे 293 येते. हा वेग सूर्याच्या संदर्भातला आहे, त्यामुळे त्यात सूर्याची स्वतःची गती दिशेसह मिळवायला विसरू नका. मग शेजारच्या तबकडीच्या गतीहून वेग 200 किंवा 220 हून जास्त वेगळा निघाला, तर तारा प्रभामंडळाचा धरतात. खरे तर हे तारे एकत्रितपणे केंद्राभोवती फारसे फिरतच नाहीत. आपणच सेकंदाला सुमारे 230 किमीने त्यांच्याजवळून जातो.

चुका बहुतेक लंबनात होतात. 17 व्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा अंधुक) ताऱ्याच्या लंबनात साधारण 0.07 मिलिविकला अनिश्चितता असते, आणि 32,600 प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचे लंबनच मुळी 0.1. त्याचा व्यस्त घेऊन काढलेले अंतर बिनकामाचे. काही लंबने ऋणही येतात. लंबन त्याच्या अनिश्चिततेच्या निदान पाचपट, शक्यतो दहापट असेल तेच तारे ठेवा. मात्र त्यामुळे नमुन्यात जवळचे आणि तेजस्वी तारेच उरतात, म्हणून त्यावरून प्रभामंडळाची घनता काढू नका. आरयूडब्ल्यूई हा गायाच्या यादीतला आकडा (एकट्या ताऱ्याचे गणित मोजमापांशी किती जुळते ते सांगणारा) 1.4 हून जास्त असेल तर तो तारा जोडतारा असण्याची शंका घ्या आणि बाजूला ठेवा. फार दूरच्या भागासाठी लंबन सोडून आरआर लायरी हे रूपविकारी (तेज कमी-जास्त होणारे) तारे वापरतात, कारण त्यांची मूळ तेजस्विता चांगली माहीत आहे.

प्रश्न : यातले काही महाराष्ट्रातून दिसते का?

उत्तर : दिसते. मेच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ शोधा. पुण्याहून तो क्षितिजावर जेमतेम 24 अंश चढतो, त्यामुळे दक्षिणेला शहराचा उजेड नसलेली जागा हवी. 10×50 द्विनेत्रीत धुरकट गोळा दिसेल. एखाद्या गिळलेल्या दीर्घिकेचा हा उरलेला गाभा असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. काप्टाइनचा तारा हिवाळ्यात अगस्तीच्या वायव्येला असतो. तो सुमारे 8.9 प्रतीचा, म्हणून अंधार गडद आणि नकाशा बारीक हवा. नकाशात 2000 सालचे स्थान छापले असेल तर तारा तिथून साडेतीन कलांहून (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जास्त सरकलेला आहे, हे ध्यानात ठेवून शोधा.