वाचकांचे प्रश्न : वाढलेला मालमत्ता कर आणि घरखर्च

प्रश्न : यंदा मालमत्ता कराचे बिल बरेच वाढून आले आहे आणि वीज-पाण्याचा खर्चही आवरत नाही. बचतीची सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सुरुवात आकारणीच्या नोंदीपासून करावी. बिलामागचा तपशील मागवून त्यातील क्षेत्रफळ, बांधकामाचे वर्ष आणि वापराचा प्रकार स्वतः पडताळावा, कारण कधीच पाडून टाकलेली खोलीही कागदावर वर्षानुवर्षे उभी राहू शकते. टेप घेऊन घर मोजायला एक दुपार पुरते. कर क्षेत्रफळावर आकारला जात असेल आणि १०० चौरस मीटरचे घर १२० म्हणून नोंदले गेले असेल, तर आपण दरवर्षी २० टक्के जादा कर भरत असतो. चूक आढळल्यास मोजमापाचा नकाशा व छायाचित्रे जोडून लेखी हरकत घ्यावी आणि पोच जपून ठेवावी. मात्र हरकतीची मुदत आधी पाहावी, कारण ती टळली की रास्त तक्रारही बहुधा ऐकली जात नाही. ज्येष्ठत्वाची किंवा वेळेआधी भरण्याची सवलत असल्यास तीही विचारावी. अशा सवलती सहसा अर्ज केल्याशिवाय मिळत नाहीत.

घरखर्चात दिव्यांपेक्षा पाणी तापवण्याकडे आधी पाहावे. २००० वॅटचा गीझर तासभर तापत राहिला तर २ युनिट वीज जाते. तेवढ्यात ९ वॅटचा एलईडी दिवा २२० तास जळतो. गळका नळ मात्र आजच दुरुस्त करावा.