न्यूयॉर्कमध्ये इटालियन वस्तीतला पिझ्झा खायचा तर कुठे जावं?

मॅनहॅटनमधली लिटल इटली आता बरीचशी पर्यटकांसाठीच उरली आहे. त्यापेक्षा डी ट्रेन पकडून ब्रुकलिनच्या बेन्सनहर्स्टला जा. तिथेही आता चिनी दुकानं भरपूर आहेत, पण गल्लीतले जुने पिझ्झेरिया टिकून आहेत.

86व्या रस्त्यावरचं 'एल अँड बी स्पुमोनी गार्डन्स' (1939 पासून) चुकवू नका. इथला चौकोनी सिसिलियन पिझ्झा उलटा रचलेला असतो: जाड पावावर आधी चीज, मग टोमॅटोचा सॉस, वरून किसलेलं पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज). चीज मध्ये असल्याने सॉस पावात मुरत नाही. नंतर स्पुमोनी आइस्क्रीम हवंच! पोट आधीच भरलेलं असेल, तरीही.

बाकी कुठलाही कोपऱ्यावरचा पिझ्झेरिया निवडा, फक्त सगळीकडे साधा चीज स्लाइसच घ्या. टॉपिंग्जखाली सॉस आणि पावाची खरी चव कळत नाही. स्लाइस दुमडून हाताने खायचा, काटा-चमचा मागू नका.

कट्टर शाकाहारी असाल तर पेकोरिनो रोमानो नको म्हणा. ते कोकराच्या रेनेटने (कोकराच्या पोटातून काढलेल्या, दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) बनतं.

दुपारी तीन-चारला जा, गर्दी कमी असते.