एफ कॉर्डमधल्या मुक्या तारा

प्रश्न : चाळिशीनंतर हौसेखातर गिटार शिकू लागलो. आठ महिन्यांत सी, जी, डी या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बसल्या. परंतु एफची बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून धरायची कॉर्ड) धरली की दोन तारा मुक्या राहतात. दोष बोटांचा की वाद्याचा?

उत्तर : बहुधा दोहोंचा थोडाथोडा. नटच्या (दांडीच्या टोकाशी तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या) लगत तार दाबायला अधिक जोर लागतो, त्यामुळे बार कॉर्डचा सराव पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातुपट्ट्यांनी आखलेले घर) सुरू करण्याचा प्रघातच मला उलटा वाटतो. बोटांची तीच ठेवण पाचव्या फ्रेटवर धरावी, म्हणजे ए मेजर ही कॉर्ड वाजेल, आणि हात सरावल्यावर एकेक फ्रेट मागे यावे. तर्जनी किंचित कडेवर कलती करून फ्रेटच्या पट्टीला खेटून ठेवावी. तिने सहाही तारा सारख्याच जोराने दाबण्याची गरज नसते, कारण मधल्या तीन तारा इतर बोटांनी दाबलेल्याच असतात.

वाद्याची परीक्षा सोपी आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून दुसऱ्या फ्रेटवर तीच ठेवण धरून पाहावी. ती लक्षणीय सोपी झाली, तर नटच्या खाचा उंच असण्याची शक्यता मोठी. या खाचा कारागिराकडूनच खोल करून घ्याव्यात. स्वतः कानस हाती घेऊ नये, कारण खाच जास्त घासली गेली तर मोकळी तार खरखरू लागते.