१९७९ ची प्रीमियर पद्मिनी घरामागच्या शेडमध्ये पुन्हा उभी करता येईल का?

आपण विचारले आहे की, जुनी अमेरिकन मसल कार, म्हणजे मध्यम आकाराच्या बॉडीत मोठे ताकदवान इंजिन बसवलेली गाडी, स्वतःच्या हातांनी दुरुस्त करण्याचे स्वप्न इथे पुरे होण्यासारखे दिसत नाही. तेव्हा कोल्हापूरच्या नातेवाइकांकडे कित्येक वर्षे बंद पडून असलेली १९७९ ची पद्मिनी घेऊन बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या घरामागील शेडमध्ये ती पुन्हा उभी करावी का, मे महिन्याच्या सुट्टीत इंजिन उतरवून कामाला सुरुवात करावी का. माझे उत्तर असे की गाडी जरूर घ्यावी. पण सुरुवात इंजिनापासून करू नये, आणि मे महिन्यात तर मुळीच करू नये. मी उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात नोकरीला आहे. अनगोळच्या घराशेजारील शेडमध्ये मी १९७६ ची अशीच पद्मिनी शनिवार-रविवारच्या वेळात रस्त्यावर आणली, त्याला सव्वातीन वर्षे लागली. त्यांतील जवळजवळ एक वर्ष मी केवळ चुकीच्या क्रमाने काम केल्यामुळे वाया गेले, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

मसल कारची ओढ मला समजते. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवून जीटीओ आणली आणि तिथून त्या गाड्यांचा काळ सुरू झाला असे बहुतेक जण मानतात. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे त्याच्या सुमारे एक षष्ठांश. परंतु घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने खरा फरक ताकदीचा नाही. अमेरिकेत पहिल्या पिढीच्या मस्टँगचे किंवा कमारोचे दार, मडगार्ड, तळाचा पत्रा, इतकेच नव्हे तर अख्खी बॉडी नवी बनवून विकली जाते. गंजलेला भाग कापायचा आणि विकत आणलेला जोडायचा, अशी तिथली रीत आहे. पद्मिनीच्या बाबतीत ती सोय नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे इतकी वर्षे तिचे सुटे भाग सहज मिळत असत. पण शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली आणि तो आधारही गेला. ब्रेकचे सिलिंडर, गॅस्केट, बेअरिंग असे भाग मला शोधाशोध करून मिळाले. पत्र्याचे भाग मात्र जवळपास सगळे हाताने ठोकून बनवून घ्यावे लागले. व्हिडिओत दिसणारे अमेरिकन वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवून आपण निघालात तर सहा महिन्यांत निराश व्हाल.

तरीही पद्मिनीची निवड योग्य आहे असे मला वाटते. ती मूळची इटालियन फियाट ११०० डी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. त्यामुळे तिचे नट-बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे आहेत आणि घरातल्या साध्या पान्यांच्या संचावर बहुतेक काम होते. अ‍ॅम्बॅसडर मॉरिस घराण्यातली असल्यामुळे तिथे इंची मापांचा वेगळा संच जमवावा लागतो. शिवाय बेळगावात बोअरिंग (सिलिंडर आतून कातून मोठा करणे), क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग (इंजिनाच्या हेडचा पृष्ठभाग सपाट करणे) ही कामे करून देणारे हात घरापासून पाच-सात किलोमीटरच्या आत आहेत, आणि एखादा दुर्मीळ भाग नमुन्यावरून ओतून घ्यायचा झाला तर फाउंड्रीही जवळच आहे. पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाला हेवा वाटावा अशी ही सोय आहे.

पैसे देण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत. आपल्या भागात हा मुद्दा अधिकच नाजूक आहे, कारण कोगनोळीला राज्य बदलते आणि आपण मात्र एकाच गावात वावरल्यासारखे इकडून तिकडे जात असतो. महाराष्ट्रातील नोंदणीची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवायची तर इथे नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, आणि मालकी बदलाचे नमुने २९ व ३० लागतात, आणि इथला रस्ता कर वेगळा भरावा लागतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी व्हायला हवे असलेले नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, तेही विचारावे. नोंदणी पुस्तकातील चॅसी आणि इंजिन क्रमांकांवर विसंबू नये. प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांवर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घ्यावा आणि एकेक अक्षर ताडून पाहावे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळू शकतो, मात्र बॉडी, चॅसी आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आपली गाडी २०२९ साली त्या वयाला पोचेल. दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर हे लक्षात असू द्यावे.

आता मुख्य विषय, तो म्हणजे पत्रा. पद्मिनीला वेगळा लोखंडी सांगाडा नसतो. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. दारांखालून पुढून मागे जाणारी पत्र्याची पेटी, तळाचा पत्रा आणि मागील पाटे (स्प्रिंगा) जिथे अडकतात त्या जागा यांवर सगळा भार असतो. बंद इंजिनाची भीती बाळगू नये, ते शेवटी बोअर करून घेता येते. या तीन जागा कुजलेल्या असतील तर मात्र गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी ती घेऊ नये. पाहायला जाताना मऊ कापडात गुंडाळलेले चुंबक आणि एक जाड स्क्रू ड्रायव्हर बरोबर न्यावा. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, भरलेली आहे असे समजावे. पायाखालची रबरी मॅट उचलून, डिकीत स्टेपनी ठेवण्याच्या खळग्यात आणि बॅटरीच्या तबकाखाली स्क्रू ड्रायव्हरने दाबून पाहावे. घट्ट पत्र्याचा आवाज टणक येतो. कुजलेला पत्रा बिस्किटासारखा करकरतो.

माझ्या हातून झालेली पहिली चूक हीच की मी सगळी गाडी एकदम उघडली. एप्रिलमध्ये इंजिन, दारे, काचा, बैठका काढल्या, मे महिन्यात जुना रंग खरवडून पत्रा उघडा केला, त्यावर साधा राखाडी सरफेसर (अंतिम रंगाआधी मारायचा थर) मारला आणि आता गंजाची काळजी मिटली असे समजून निश्चिंत झालो. जूनमध्ये पाऊस लागला. खानापूर-जांबोटीकडून येणारी आपल्याकडची ती ओल कशी असते हे आपल्याला सांगायला नको. कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते, तिथे उघड्या पत्र्याचे काय होणार? सरफेसर हा सच्छिद्र थर असतो, तो पाणी अडवत नाही, उलट शोषून धरतो; लांबीचेही तसेच. गणपतीच्या सुमारास ताडपत्री काढली तेव्हा राखाडी रंगातून सगळीकडे तांबूस ठिपके वर आले होते, आणि केलेले सगळे काम पुन्हा पत्र्यापर्यंत उतरवावे लागले. म्हणून एका वेळी एकच भाग उघडावा, त्याचे वेल्डिंग पुरे करावे आणि त्याच आठवड्यात त्यावर इपॉक्सी प्रायमरचा थर द्यावा, कारण तो थर ओल आत जाऊ देत नाही. तो पुरा झाल्याशिवाय पुढच्या भागाला हात लावू नये.

दुसरी चूक अधिक महागात पडली. डाव्या दारांखालची पेटी कुजलेली होती. मी ती पुढून मागे एकसंध कापून काढली, आणि कापताना आतून कसलाही आधार दिला नाही. नवी पेटी बसवून दार लावू लागलो तर ते मागच्या बाजूला वर घासू लागले. मी दोन दिवस बिजागरींशी झटत होतो. शेवटी वडगावचे एक वयस्क पत्रा मिस्त्री आले, त्यांना सगळे मामाच म्हणतात. त्यांनी दाराला हात लावला नाही. दार आणि खांब यांमधल्या फटीवरून अंगठा खालून वर फिरवला. खाली करंगळीचे टोक जाईल एवढी फट होती आणि वर नखही शिरत नव्हते. ते म्हणाले, “सर, दार बिघडलं नाही. गाडीच बसलीय.” आधार काढून घेतल्यामुळे बॉडी मध्यभागी किंचित खचली होती आणि त्याच अवस्थेत मी नवा पत्रा जोडून टाकला होता. तो सगळा पुन्हा कापावा लागला. पेटी कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे-तिरपे वेल्ड करून घ्यावेत, गाडी समतल जमिनीवर चार भक्कम घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) ठेवावी, सगळ्या दारांच्या फटी मोजून भिंतीवर लिहून ठेवाव्यात आणि एका वेळी एका बाजूचाच, तोही हातभराहून मोठा नाही असा तुकडा कापावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली, घोड्या लावल्याशिवाय, एक मिनिटही जाऊ नये.

नवा पत्रा २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा घ्यावा. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने इतका पातळ पत्रा लाटांसारखा वाकतो, म्हणून ०.८ मिलिमीटर तारेचे मिग वेल्डिंग, म्हणजे तार आपोआप पुढे सरकत जाणारे विजेवरचे वेल्डिंग, बरे. त्यातही सलग रेघ न ओढता दूर दूर टाके देत जावे आणि प्रत्येक टाका निवू द्यावा. बंद पेट्यांच्या आत ब्रश पोचत नाही, तिथे शेवटी पातळ मेण फवारावे आणि पाणी निघून जाण्याची खालची छिद्रे मोकळी आहेत याची खात्री करावी. माझ्या गाडीतली ती छिद्रे कुणीतरी रंगकामाच्या वेळी लांबीने बुजवली होती, आणि पेटी कुजली ती त्यामुळेच. एवढ्या लहानशा निष्काळजीपणामुळे एक चांगली गाडी मोडीत निघते, याचे मला अजून वाईट वाटते.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगतो. बंद असलेले इंजिन बॅटरी लावून लगेच फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल घालावे, चार-सहा दिवस थांबावे आणि मग पुढील पुलीच्या नटावर पाना लावून हाताने हळूहळू फिरवावे. फिरू लागल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. एखाद्या सिलिंडरमध्ये ते कमी भरले तर तिथे चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते, त्यामुळे कधीकाळी गाडी तापली असेल तर हेड वाकलेले असण्याचा संभव मोठा. सरळपट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट पाहावी. माझ्या हेडला मधोमध पाव मिलिमीटरची फट निघाली आणि फेसिंग करून घ्यावे लागले. मूळ बोअर ६८ मिलिमीटरचा आहे. ब्लॉक बोअर करायला देण्यापूर्वी पिस्टन हातात असावेत, कारण कोणत्या मापाचे पिस्टन मिळतील यावरच बोअर ठरतो. उलटा क्रम केला तर ब्लॉक नव्या मापाचा होतो आणि त्या मापाचे पिस्टन काही मिळत नाहीत.

ब्रेकवर काटकसर करू नये. चारही चाकांना ड्रम आहेत. सगळे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि रबरी पाइप, वरून चांगले दिसत असले तरी, बदलावेत. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची रबरेही बदलावीत. आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल, त्यातले कितीतरी इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातील उसाचे असेल. परंतु १९७९ चे रबर त्यासाठी बनलेले नाही, ते फुगते किंवा तडकते, आणि गरम इंजिनावर गळणारे पेट्रोल ही गाडीबरोबर घरही जाळू शकणारी गोष्ट आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

अंतिम रंग घरी मारण्याचा मोह टाळावा. हार्डनर घालून मारायच्या रंगातील वाफ फुप्फुसांना घातक असते आणि साधा कापडी मास्क तिला अडवत नाही. ते काम बूथ (रंग मारण्याची बंदिस्त खोली) असलेल्या पेंटरकडे द्यावे. त्याआधीचे घासकाम मात्र स्वतः करावे. पैसेही वाचतात आणि पत्र्याचा प्रत्येक इंच आपल्या हाताखालून जातो. मला इंजिनापेक्षा पत्र्यावर दुप्पट खर्च आला, तेव्हा बेत आखताना पैशाची वाटणी त्या हिशेबाने करावी.

आता मे महिन्याच्या सुट्टीविषयी. त्या सुट्टीत गाडी कोल्हापूरहून आणावी, पण उघडू नये. ना-हरकत दाखल्याचे काम मार्गी लावावे, इंजिनात तेल घालून ठेवावे, जागच्या जागी ब्रेकचे भाग काढून त्यांचे नमुने घ्यावेत, प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधून फोटो काढावेत आणि शेडच्या जमिनीवर कोबा करून घ्यावा, कारण मातीच्या जमिनीची ओल खालून तळाच्या पत्र्याला लागते. पावसाळाभर चाके फिरती राहतील आणि दोन माणसांना गाडी ढकलून हलवता येईल अशा स्थितीत ती ठेवावी. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की चालकाच्या बाजूची मॅट उचलून पहिला पत्रा कापावा. त्या दिवशी मदत लागली तर मला जरूर कळवावे, माझ्याकडचे आधाराचे पाइप मी कापून, मापासकट जपून ठेवले आहेत आणि ते आपल्या गाडीलाही बसतील.