आईला खोकला नाही, तरी आमवाताच्या इंजेक्शनआधी टीबीची तपासणी कशाला?

तपासणी करून घ्याच. ठाण्यात, नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. तुमचा हा प्रश्न रक्त काढताना बरेच जण विचारतात आणि तेवढ्या वेळात धड उत्तर देता येत नाही.

तुमच्या आईंचे सांधे सुजतात त्यात टीएनएफचा मोठा हात आहे. हे एक सायटोकाइन, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते प्रथिन. त्याच्यामुळे पांढऱ्या पेशी सांध्यात गोळा होतात, आणि हे चालूच राहिलं की कूर्चा आणि हाड झिजतं. अडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब ही इंजेक्शनं टीएनएफलाच धरून ठेवतात, म्हणून सूज उतरते.

पण टीबीच्या जंतूंवर पहाराही हाच टीएनएफ ठेवतो. आपल्याकडे कित्येकांच्या अंगात हा जंतू कधीतरी शिरलेला असतो. पेशी त्याच्याभोवती गाठ करून त्याला कोंडतात. खोकला नाही, ताप नाही, एक्स-रेसुद्धा बहुधा साफ. ती गाठ टिकते टीएनएफच्या जोरावर. 2001 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या 70 जणांच्या टीबीची नोंद छापून आली. त्यातल्या 48 जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसांतच तो झाला होता, आणि 40 जणांचा फुप्फुसाबाहेरचा होता. म्हणजे इंजेक्शन सुरू झाल्यावरही नुसत्या खोकल्याची वाट बघून चालत नाही. बारीक ताप, वजन उतरणं, मानेत गाठ, काहीही दिसलं तरी डॉक्टरांना कळवायचं.

बहुतेक इग्रा ही रक्ताची तपासणी सांगितली असेल. गंमत म्हणजे तीही एक सायटोकाइनच मोजते, इंटरफेरॉन गॅमा. रक्तात टीबीची प्रथिनं मिसळून 37 अंशांवर 16 ते 24 तास ठेवतात. टीबीचा जंतू आधीपासून ओळखणाऱ्या पेशी रक्तात असतील तर इंटरफेरॉन वाढतो. लहानपणी टोचलेल्या बीसीजीमुळे मांटू, म्हणजे हाताच्या त्वचेत टोचून करतात ती टीबीची तपासणी, फसू शकते, ही फसत नाही. पॉझिटिव्ह आली म्हणजे आईंना टीबी झालाय असं मात्र नव्हे. आधी सक्रिय टीबी नाही याची खात्री करतात, मग प्रतिबंधक गोळ्या देतात, आणि साधारण महिनाभरानंतर इंजेक्शन.

स्टेरॉइड चालू असेल तर फॉर्मवर लिहा, त्याने निकाल अनिश्चित येऊ शकतो. आणि रक्त सकाळीच द्या: नळ्या ठरावीक वेळेत इन्क्युबेटरमध्ये जाव्या लागतात, आणि संध्याकाळी घोडबंदर रोडचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.