सिंहगडाआधी पानशेत

प्रिय दोस्ता,

तुझा निरोप मिळाला. नवी सायकल, नवं हेल्मेट आणि येत्या रविवारी सिंहगड! पुण्यात रोड सायकल घेतली की पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला सिंहगड आठवतो, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. शर्यत कोणी जिंकली हे लोक विसरतात, राजा मात्र लक्षात राहतो. घाटाची ही भुरळ मी ओळखून आहे. तरी माझं ऐकशील तर सिंहगड दोनेक महिने लांबणीवर टाक. डोणज्याला गोळेवाडीच्या चौकात डावीकडे गडाचा रस्ता सुटतो. तू तिथे वळू नकोस. सरळ खानापूरकडे जा.

घाट दिसायला अवघड, पण स्वभावाने सरळ असतो. एकदा चढ लागला की वरपर्यंत चढच. एक गिअर धरायचा, श्वासाची लय बसवायची आणि तीच लय शेवटपर्यंत न्यायची. पानशेतचा रस्ता तुला असं बसूच देत नाही. खडकवासल्याच्या चौपाटीपासून पानशेत पंचवीसेक किलोमीटर. नकाशावर रस्ता पाण्याच्या कडेकडेने जातो, म्हणून सपाट वाटतो. प्रत्यक्षात डोंगराच्या सोंडा पाण्यापर्यंत उतरल्या आहेत आणि रस्ता एकेक सोंड ओलांडत जातो. थोडं वर, थोडं खाली, एक वळण, एक वस्ती, एक गतिरोधक, की पुन्हा वर. यातल्या एकाही चढाला कोणी नाव ठेवलेलं नाही. पण जाऊन-येऊन सगळ्यांची बेरीज एखाद्या छोट्या घाटाएवढी सहज होते, आणि ती तुझ्या नकळत होते.

नवा माणूस इथे काय करतो सांगतो. चढाचा माथा समोरच दिसत असतो, म्हणून तो पेडलवर उभा राहतो आणि धापा टाकत माथा गाठतो. माथ्यावर पोचला की पाय थांबवतो. उतारावर नुसता बसून राहतो. पुढच्या चढाच्या तोंडाशी वेग मेलेला असतो आणि गिअर जड राहिलेला असतो. मग ताणलेल्या चेनवर खाडखाड करत गिअर बदलतो. खानापूरपर्यंत हे खपून जातं. पानशेतला भजी खाऊन परत निघाला की मांड्या भरून येतात, पोटऱ्यांत गोळे येतात. पहिल्याच वाढपात भात रेटून खाणाऱ्याला जिलबी येईपर्यंत जागा उरत नाही, त्यातली गत.

तू उलट कर. उतार संपायच्या आत, चेनवर ताण नसतानाच गिअर हलका कर. चढावर शेजारच्याशी धड वाक्य बोलता येईल एवढाच जोर लाव. वेग पडला तर पडू दे. माथ्याजवळ सगळे ढिले पडतात, तिथे तू पेडल सोडू नकोस. माथा ओलांडून सायकल स्वतःहून पळायला लागेपर्यंत आठ-दहा फेरे मारत राहा. फुकटचा वेग मिळतो तो तिथेच. उतारावरही पाय हलकेच फिरते ठेव. हे अंगवळणी पडायला महिना-दोन महिने लागतात, आणि ते घाटात शिकता येत नाही, कारण घाटात गिअर बदलायची वेळच फारशी येत नाही.

आता मार्ग ठरवण्याबद्दल. किलोमीटर सगळ्यांत शेवटी बघ, आधी नद्या बघ. सह्याद्रीची मुख्य रांग दक्षिणोत्तर आहे आणि तिच्यातून डोंगरांचे फाटे पूर्वेकडे जातात. त्या फाट्यांच्या मधल्या खोऱ्यांतून आपल्या नद्या वाहतात. नदीच्या कडेने जाणारा रस्ता सौम्य असतो. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचं तर मधला डोंगर ओलांडावाच लागतो, म्हणजे घाट आलाच. पुण्याच्या दक्षिणेला भुलेश्वरची रांग आहे. सिंहगड, कात्रज, बोपदेव, दिवे घाट ही सगळी त्याच एका भिंतीवरची ठिकाणं. कात्रज उतरलास की शिवगंगेचं खोरं, बोपदेव किंवा दिवे घाट चढलास की कऱ्हेचं. सातारा रस्त्याने आणखी पुढे खंबाटकी ओलांडला की कृष्णेचं. हे एकदा डोक्यात बसलं की मोबाइल न उघडता तुला सांगता येईल की अमुक वाटेवर किती मोठे चढ लागणार. आणखी एक मजा म्हणजे बोपदेवपलीकडचं, कऱ्हेच्या खोऱ्यातलं सासवड पुण्यापेक्षा बरंच उंचावर आहे. त्यामुळे बोपदेवचा खरा चढ जाताना, जेमतेम चार किलोमीटरचा. येताना त्यामानाने थोडक्यात सुटका होते. दमलेल्या पायांना हा हिशेब फार उपयोगी पडतो.

दुसरं म्हणजे ऋतू. पश्चिमेला जाऊ तसा पाऊस वाढतो आणि पूर्वेला झपाट्याने कमी होतो. ताम्हिणीत पाऊस कोसळत असतो तेव्हा पुरंदरमधला शेतकरी आभाळाकडे बघत असतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सासवडकडे जावं आणि दिवाळीनंतर मुळशी-पानशेतकडे. लोक नेमकं उलट करतात. पावसाळी रविवारी ताम्हिणीचा रस्ता म्हणजे गाड्यांची रांग, गाण्यांचा गोंगाट आणि वळणांवर शेवाळ. मला कोणी पैसे दिले तरी मी जाणार नाही. दरडींमुळे सिंहगडाचा आणि भोरपुढच्या वरंधा घाटाचा रस्ता पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवला जातो. निघण्याआधी चौकशी करावी.

वारा मात्र कोणी विचारात घेत नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, आणि उन्हाळ्यातही दुपार कलली की तिकडूनच सुटतो. पानशेतला जाताना तो छातीवर असतो आणि येताना पाठीवर, हे उत्तम. सासवडचं उलट आहे. जाताना वाटतं आपण काय पळतोय, आणि परतीला बिल येतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये सासवडच्या बाजूने दहाच्या आत घरी यायचं, म्हणजे पहाटे पाचला निघायचं. यात सूट नाही.

पानशेत पचलं की माझी आवडती वाट धर. बोपदेव चढून सासवड, तिथून नारायणपूर, मग चिव्हेवाडीचा घाट उतरून केतकावळे, कापूरहोळ, आणि महामार्गाने येऊन जुन्या कात्रज घाटातून पुण्यात. शंभरच्या थोडं आत बसतं. सासवड ते नारायणपूर हा टप्पा मला कितीही वेळा गेलो तरी पुरत नाही. समोर पुरंदर आणि वज्रगड जोडीने उभे असतात, रस्ता कधी त्यांच्याकडे तोंड करतो, कधी पाठ. दोन्हीकडे अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा, मधे वाटाण्याची शेतं. सीताफळाच्या हंगामात रस्त्याकडेला पाट्या मांडलेल्या असतात. जर्सीच्या खिशात पिकलेलं सीताफळ ठेवायचा मोह आवर, एवढं सांगून ठेवतो. सासवडला आहेस तर सोपानकाकांच्या समाधीला जाऊन ये. कऱ्हेकाठी संगमेश्वराचं देऊळ आहे, तिथे सावलीत बाटल्या बाजूला ठेवून पाच मिनिटं पाठ टेक.

या वाटेचा एकच दोष, तो म्हणजे कापूरहोळपासूनचा महामार्ग. तिथे पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे राहा, उड्डाणपुलांवर जोडीने चालवू नकोस, आणि गर्दी नसेल अशा वेळी तो भाग उरकून टाक. जाताना बोपदेवऐवजी दिवे घाट घेऊ का, असं तू विचारशीलच. चढ चांगला आहे, पण ट्रक फार. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते, त्या दिवशी मात्र जरूर जा. सायकल घरी ठेवून, पायी.

तिसरी वाट पाबे घाटाची. खानापूरहून पाबे ओलांडायचा, वेल्ह्यात उतरायचं, नसरापूरवरून परत. शंभर-एकशेदहा किलोमीटर. पाबे लांबीला फार नाही, पण काही वळणांवर इतका खडा आहे की पुढचं चाक उचलल्यासारखं वाटतं. माथ्यावरून तोरणा दिसतो. तिथे जायला हिवाळा उजाडू दे.

उताराचं शांतपणे वाच, कारण घाटात माणसं पडतात ती उतरताना. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, त्यावर वजन, आणि नजर खड्ड्यावर न ठेवता जिथे जायचं तिथे. तुझ्या सायकलला रिम ब्रेक असतील तर लांब उतारावर ते सतत दाबून ठेवू नकोस. रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. थोडा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. साइडपट्टीवरची बारीक खडी, ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि रंग उडालेले गतिरोधक हे तिघे नेहमीचे गुन्हेगार. ऊसतोडीच्या दिवसांत भोर-वाई भागात डबल ट्रॉल्या भेटतात. मागची ट्रॉली वळणावर आत येते, म्हणून डावीकडून घुसायचं नाही. कुत्रं मागे लागलं तर शर्यत लावू नकोस. उतर, सायकल मधे धर, चालायला लाग. बहुतेक कुत्र्यांचा रस तिथेच संपतो.

खाण्याचं फार गूढ नाही. दर पाऊण तासाला थोडं काहीतरी: केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की. पाण्याच्या एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर.

आणि मग सिंहगड. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर, त्यात साडेपाचशे-सहाशे मीटर उंची. रविवारी गाड्या, पिठलं-भाकरी आणि सेल्फी यांचंच राज्य असतं, म्हणून मधल्या वारी पहाटे जा. पण त्याआधी गिअरचं गणित. तू आणि सायकल मिळून ८० किलो धरू. सात टक्क्यांच्या चढावर पुढच्या चकतीला ३४ आणि मागच्या चकतीला २५ दात असतील, तर पेडलचे मिनिटाला ६० फेरे मारण्यासाठी ताशी दहाच्या वर वेग ठेवावा लागतो, म्हणजे १७० वॅटच्या आसपास. मागे ३२ दात असतील तर तेच ६० फेरे ताशी आठला बसतात आणि १३०-१३५ वॅटमध्ये भागतं. तास-सव्वा तास चालणाऱ्या कामात हा फरक म्हणजे वर पोचणं किंवा मधे उतरून ढकलणं. कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच. दुकानात ‘रेसिंग कॅसेट’ म्हणून जे खपवतात ते सपाट रस्त्यासाठी असतं.

तेव्हा आज संध्याकाळी मागच्या चाकावरच्या सगळ्यांत मोठ्या चकतीचे दात मोज आणि मला कळव. २८ किंवा त्याहून कमी असतील तर कॅसेट बदलून घेऊ, पण दुकानात जाण्याआधी मागच्या डिरेलरचं, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचं, मॉडेलही बघून ठेव. छोट्या पिंजऱ्याच्या डिरेलरला ३२ दात झेपतातच असं नाही, आणि मग खर्च दुप्पट होतो.

कळावे,
तुझा
काका