जांभळाचा मध, प्रोपोलिस आणि वडिलांची गोळी

तुमचा प्रश्न वाचला. वडिलांना मधुमेह आहे, जेवणासोबत व्होग्लिबोजची गोळी चालू आहे. ‘प्रोपोलिस आणि जांभळाचा मध अल्फा-ग्लुकोसिडेज एन्झाइम रोखतात’ असं वाचल्यापासून गोळी सोडून मध घ्यावा असं त्यांच्या मनात आहे. आधी उत्तर देते: गोळी बंद करू नका. त्यांनी वाचलंय ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. म्हणून सविस्तर लिहिते. (प्रोपोलिस म्हणजे मधमाश्या झाडांचा चीक गोळा करून पोळ्यात वापरतात तो चिकट पदार्थ.)

पोळी-भातातला स्टार्च तुटत तुटत लहान साखरांपर्यंत येतो. शेवटचा घाव घालतं ते लहान आतड्याच्या अस्तरावरचं अल्फा-ग्लुकोसिडेज. मग सुटं झालेलं ग्लुकोज रक्तात जातं. व्होग्लिबोज, अकार्बोज या गोळ्या त्याच एन्झाइमला धरून ठेवतात, म्हणून जेवणानंतरची साखर हळू चढते. गोळी जेवणाच्या सुरुवातीलाच घ्यायची ती यासाठीच. पोटात गॅस धरतो त्याचंही कारण हेच, न पचलेलं पिष्ट पुढे मोठ्या आतड्यातल्या जंतूंना मिळतं.

आता मध. फुलातल्या मकरंदात बरीचशी सुक्रोज असते, म्हणजे आपली नेहमीचीच साखर. माशी तिच्या डोक्यातल्या ग्रंथींचा स्राव त्यात मिसळते आणि सुक्रोज तोडते. त्या स्रावातलं एन्झाइम कोणतं? अल्फा-ग्लुकोसिडेजच! गोळीने जे काम आतड्यात थोपवायचं, ते माशीने पेटीतच उरकलेलं असतं. मधात साधारण ३८ टक्के फ्रुक्टोज आणि ३१ टक्के ग्लुकोज, दोन्ही सुटी. ती तोडायला एन्झाइम लागतच नाही, मग रोखून काय होणार? या गोळ्या घेणाऱ्याची साखर एकदम उतरली तर डॉक्टर साध्या साखरेऐवजी ग्लुकोज पावडर द्यायला सांगतात. साखर तुटायला वेळ लागतो, ग्लुकोज थेट चढतं. मधातलं ग्लुकोजही तसंच थेट चढतं.

जांभळाच्या मधाचा समज मी महाबळेश्वरच्या वाटेवर प्रत्येक स्टॉलवर ऐकते. मधुमेहासाठी लोक खातात ती जांभळाच्या बीची पावडर. मध येतो फुलातल्या मकरंदातून. बियांचे गुण मधात उतरतात असं मानायला आधार नाही. गडद, किंचित तुरट असा तो मध मला स्वतःला फार आवडतो, पण चवीसाठी.

मग प्रयोगशाळेतले निकाल? मी बायोकेमिस्ट्री शिकवत असताना ही चाचणी शेकडो वेळा लावली आहे. ९६ खळग्यांची प्लेट घ्यायची, पीएनपीजी नावाचं रंगहीन द्रव्य टाकायचं. एन्झाइमने ते तोडलं की खळगा पिवळा होतो, अर्काने एन्झाइम रोखलं तर फिकाच राहतो. प्रोपोलिसचा अर्क मुळातच पिवळट-तपकिरी असतो, त्यामुळे त्याचा ब्लँक, म्हणजे एन्झाइमशिवाय नुसत्या अर्काचा रंग, वेगळा मोजून वजा केला नाही तर आकडे चुकतात. त्याहून मोठी अडचण एन्झाइमची. या चाचण्यांत बहुतेकदा यीस्टचं एन्झाइम वापरतात, कारण ते सहज मिळतं. पण यीस्टच्या एन्झाइमवर अकार्बोज मुळातच दुबळं पडतं. ‘अमुक अर्क औषधापेक्षा प्रभावी’ हे वाक्य बऱ्याचदा तिथून येतं. माणसाच्या आतड्यातलं एन्झाइम वेगळं आहे.

अँटिऑक्सिडंटचंही थोडंफार तसंच. डीपीपीएच नावाच्या द्रव्याचा जांभळा रंग पिवळा पडला की गुण मोजतात, आणि गडद मध सहसा फिकट मधाच्या पुढे असतो. पण पोटात गेल्यावर हा गुण देणारी वनस्पतींतली द्रव्यं, म्हणजे पॉलिफिनॉल्स, थोडीच शोषली जातात आणि आतडं-यकृत त्यांचं रूपही बदलून टाकतात.

प्रोपोलिसची गोष्ट मधापेक्षा वेगळी आहे. त्यात साखर जवळपास नसते. साधारण निम्मा भाग झाडांचा राळेसारखा चीक असतो आणि फ्लेव्होनॉइड्स (पॉलिफिनॉल्सचाच एक गट) भरपूर. शिवाय एन्झाइम आतड्यातच असल्याने त्याच्यावर काम करायला रक्तात शोषलं जाण्याचीही गरज नाही. म्हणून ही कल्पना मी उडवून लावत नाही. काही छोट्या चाचण्यांत, चालू औषधांच्या जोडीने प्रोपोलिस दिल्यावर उपाशीपोटीची साखर थोडी उतरली आहे. जोडीने, हा शब्द वडिलांना वाचून दाखवा. शिवाय कुठल्या झाडाचा चीक आहे त्यावर प्रोपोलिस बदलतं. युरोपातलं पॉप्लरचं वेगळं, ब्राझीलचं हिरवं वेगळं. आणि ‘गावच्या सातेरीचं प्रोपोलिस’ म्हणून कुणी विकत असेल तर जपून. सातेरी ही आपली देशी मधमाशी, ती चीक जवळजवळ गोळाच करत नाही. माझ्या सातेरीच्या पेटीतल्या चौकटी हाताने अलगद उचलल्या जातात. मेलिफेरा या युरोपीय मधमाशीच्या पेटीत त्याच चौकटी चिकटून बसतात, पटाशीने उचकटाव्या लागतात.

मध औषध नाहीच असं मात्र मी म्हणत नाही. सोलापूरच्या वैशंपायन मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या जखमांवर मध वापरून केलेलं काम १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं, ते जगभर उद्धृत होतं. तिथेही एन्झाइमच कामाला येतं: मध जखमेच्या ओलाव्याने पातळ झाला की त्यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. तो मध जखमेवर लावायचा होता, आणि ड्रेसिंग डॉक्टर करत होते.

वडिलांना मध आवडत असेल तर चहाच्या चमच्याने एक चमचा, म्हणजे ७ ग्रॅम. त्यात पावणेसहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, ती दिवसाच्या हिशेबात धरा. प्रोपोलिस घ्यायचंच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि मधमाशीच्या पदार्थांची ॲलर्जी असेल तर नकोच. त्यांचं समाधान व्हावं म्हणून एक करता येईल: सकाळी ग्लुकोमीटरवर साखर बघा, नेहमीचाच नाश्ता एक दिवस मधासह आणि एक दिवस मधाशिवाय द्या, गोळी दोन्ही दिवशी चालू ठेवा, आणि एक तासाने व दोन तासांनी पुन्हा बघा. आकडे इथे टाका, मी बघून सांगते.